सोपानची जोड

११ मार्च २०२५

जुन्नरच्या स्टँडसमोर फ्लेक्स लागलाय. 'बेल्ह्याचा मोर — पैलवान सोपान — शेवटची कुस्ती.' दहा फुटी सोपान! मोरपंखी फेटा, काळा गॉगल, दोन्ही मोडक्या कानांत भिकबाळ्या. खाली कोपऱ्यात पासपोर्टएवढा मी. 'विरुद्ध भिमाजी, कळंब.' माझ्या नावापुढे पैलवानसुद्धा नाही.

शेवटची? कुणाला विचारून? बावीस वर्षांची जोड आमची. तो थांबला की मीही थांबलो. आणि मला ते फ्लेक्सवरून कळतंय.

१२ मार्च

चार वेळा फोन केला. उचलत नाही. मोठा माणूस!

द्रौपदा म्हणते, "बरं झालं की. पन्नाशी उलटली. दोघं बी घरी बसा आता." बायकोला कसं सांगू? बसायचंच आहे, पण एकदा त्याला चीत करून. आजवर आमची कुस्ती एक तर बरोबरीत सुटली, नाही तर मी पडलो. त्याच्या पाठीला माती कधी लागली नाही. आता एकच संधी उरली, आणि तीही त्यानंच ठरवलेली.

१९ मार्च

आखाड्याचा निवेदक रामदास भेटला. "सलामीला त्यो तुज्या कानात काय सांगतो रं? सांग, माइकवर बोलतो." काही नाही म्हणालो.

इथे लिहितो. हातात हात देतो, अंगाला माती लावतो, मिठी मारतो आणि माझ्या डाव्या कानात म्हणतो — 'पड, भिमा.' पहिल्या कुस्तीपासून! तेही हसत, जणू आशीर्वाद देतोय. तो कान आमच्या जोडीआधीच मोडून जवळजवळ बंद झालाय, पण तेवढं बरोबर ऐकू येतं. कुस्तीत पडणं मला चालतं. हुकमावर पडणं नाही.

उलट बोलायला मला कधी जमलं नाही. या वेळी जमवणार. त्याला खाली घेणार आणि त्याच्याच कानात तेच म्हणणार.

२७ मार्च

गुडघा सुजला. तरी बैठका सोडल्या नाहीत. द्रौपदाने आंबेहळद लावली.

२ एप्रिल

बेल्ह्याच्या बैलबाजारात गेलो तर हा तिथे. गुलाबी सदरा! कुणीतरी बैलाची झूल त्याच्या खांद्यावर टाकली, तर हा ती मिरवत बाजारभर फिरला. लोक बैल सोडून ह्याला बघत होते.

हा असाच. पहिल्यांदा गॉगल घालून आखाड्यात आला तेव्हा त्याच्या वस्तादांनी काठी उगारली होती. मग हातांवर चालत आखाड्याला फेरी मारू लागला. मग घोडा, मग ट्रॅक्टर. बायाबापड्या कुस्ती बघायला लागल्या ते ह्याच्यामुळे, असं रामदास माइकवर दर वर्षी सांगतो. आणि ह्याच्याशी झुंजत कोण होतं? तो फेरी मारेपर्यंत उन्हात उभा कोण राहायचा?

मला बघून लांबूनच शड्डू ठोकला. "माजी जोड आली रं, वाट द्या!" मला हसू आलं. त्याचाच जास्त राग आला. जवळ जाऊन विचारलं, "शेवटची म्हंजी काय रं?" उत्तर नाही. नुसता हसला आणि पुढे गेला. सरळ तोंडावर अपमान.

१३ एप्रिल

झाली कुस्ती.

जेसीबीच्या बकेटमध्ये उभा राहून आला. वरून स्वतःच लोकांवर फुलं टाकत होता. मी अर्धा तास मातीत उभा. मग सलामी. तीच मिठी, तोच डावा कान. 'पड, भिमा.'

डोक्यात रक्त चढलं. पट काढला, खाली घेतलं, मागे जाऊन घिस्सा मारला. तो उताणा झाला. पाठ लागली, पूर्ण! हलगी थांबली. मी छातीवर होतो. तोंड त्याच्या कानाशी नेलं. "पड, सोपाना. पड." बावीस वर्षांचं सगळं त्यात घातलं. त्याने डोळे मिटले. एक भिकबाळी मातीत पडली होती.

मग लोक आत घुसले आणि खांद्यावर कुणाला घेतलं? त्यालाच. हरलेल्याला! मी माझे कपडे उचलून पायी बाहेर आलो.

१४ एप्रिल

जिंकलो. राग होता तसाच आहे.

१६ एप्रिल

सोपान घरी आला होता. साधा सदरा, फेटा नाही. टक्कल पडलंय. ओरडून बोलत होता. "वैनी, जोरात बोला, दोनी कान गेलं माजं. पंचाची शिट्टी बी ऐकू येत न्हाई, म्हनून थांबलो. फोन तर कळतच न्हाई."

द्रौपदाने चहा ठेवला. तिलाच सांगत होता. "दर सलामीला मी ह्याच्या कानात म्हनायचो — भिड, भिमा. ह्यानं कदी उलट शब्द दिला न्हाई. वाटायचं, ह्याला मी आवडत न्हाई. परवा माजी पाठ लागली, आन् ह्यो कानात म्हनतो — भिड, सोपाना, भिड. लई बरं वाटलं राव." मग माझ्याकडे वळला. "तसंच म्हनलास न्हवं?"

मी उठून त्याच्या कानाशी गेलो. मोठ्याने म्हणालो, "व्हय. भिडच म्हनलो."