विरोधी बाकावरचा माणूस

मोंतेविदेओ,
मंगळवार दुपार

प्रिय रामिरो,

फोन केला असता, पण फोनवर तू मला अर्ध्या वाक्यात तोडतोस, अगदी तुझ्या बाबांसारखा. आज मला शेवटपर्यंत बोलायचंय. हे पाकीट उद्या सकाळच्या साल्तोच्या बसच्या ड्रायव्हरकडे देईन, म्हणजे संध्याकाळी तुझ्या हातात पडेल. इकडे सगळं ठीक. माझा डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, तुझ्या एल्विरामावशीने क्विन्स फळांचा मुरंबा केला तो नेहमीसारखा करपवला आणि नेहमीसारखाच मला दोन बरण्या भरून दिला. तुझ्या प्रचारसभा कशा चालल्यात ते वर्तमानपत्रात वाचते. फोटोत वाळलेला दिसतोस.

एका गोष्टीबद्दल मी दोन वर्षं तुझ्याशी बोलले नाही. बाबांना शेवटचा निरोप दिला त्या दिवसाबद्दल. सरकार तेव्हा समोरच्या पक्षाचं होतं. शासकीय इतमामाचा निरोप घेऊन त्यांचा अधिकारी दारात आला तेव्हा तू म्हणालास, "ह्यांच्या हातून आम्हाला काही नको." मी म्हटलं, "झेंडा ह्यांचा नाही, देशाचा आहे. येऊ दे." तू दारातून बाजूला झालास. संसदेच्या त्या मोठ्या दालनात शवपेटीच्या दोन्ही बाजूंना सैनिक उभे होते आणि पेटीजवळ तू.

मंत्री, राजदूत सगळे बाजूच्या दाराने आत येत होते. संसदेत बाबांच्या समोरच्या बाकावर बसणारे साबालेता मात्र आले नाहीत. मला वाटलं, तब्येतीमुळे नसतील येत. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. मग दारावरच्या बाईने कानात सांगितलं, "ते बाहेर लोकांच्या रांगेत उभे आहेत, दोन तास झाले. खुर्ची दिली ती त्यांनी मागच्या बाईला दिली. आत चला म्हटलं तर म्हणतात, माझा नंबर येऊ दे." नंबर आला तेव्हा आपल्या पक्षाच्या पोरांनी त्यांना ओळखलं. कसल्या शिट्ट्या! "आयुष्यभर छळलंत, आता रडायला आलात होय!" "घरी जा, म्हातारबुवा!" ते काठीवर हात ठेवून उभे राहिले. मान खाली नाही, कपाळाला आठी नाही. पोरांचा दम संपेपर्यंत थांबले, मग पुढे आले आणि तुझ्यापुढे हात केला. तू पाठ फिरवलीस. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तुझी पाठ होती.

पण पुढचं वर्तमानपत्रांनी ऐकलं नाही. मी दोन हातांवर होते म्हणून मला ऐकू आलं. त्यांनी टोपी काढली, पेटीवर वाकले आणि म्हणाले, "ओलेगारियो, निदान आज तरी मला मध्येच तोडू नकोस." आणि मी हसले, रामिरो. नवऱ्याच्या पेटीशेजारी उभी राहून मी हसले, आणि त्या हसण्यातूनच मला त्या दिवशीचं पहिलं रडू फुटलं. मग ते माझ्याकडे वळले. "मातिल्दे, पोरगा चिडलाय ते चांगलं आहे. आज तो माझ्याशी गोड बोलला असता तर मला त्याची काळजी वाटली असती." तू तीन पावलांवर होतास. पाठमोरा.

तुला त्यांची भांडणं आठवतात. एकतीस वर्षं ते दोघे समोरासमोर बसले. बाबा त्यांना भर सभागृहात शेळपट वकील म्हणायचे. बाबांचा आवाज चढला की साबालेता सावकाश चष्मा पुसत म्हणायचे, "सन्माननीय सदस्यांचा आवाज बंदरापर्यंत पोचला, मुद्दा मात्र अजून घरातून निघालेला नाही." बाबा घरी येऊन थयथयाट करायचे, आणि मग जेवता जेवता मला तेच वाक्य पुन्हा ऐकवायचे. दुसऱ्या कुणी साबालेतांना नावं ठेवली की मात्र चमचा खाली ठेवायचे. "त्याला शिव्या द्यायचा हक्क माझा आहे. तुम्ही आधी त्याच्याएवढं वाचा."

आता जे सांगते ते तुला ठाऊक नाही. लष्कराने संसदेला कुलूप लावलं आणि बाबांना उचललं तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. दर गुरुवारी मी त्यांना डांबलं होतं त्या छावणीच्या फाटकावर पुडकं घेऊन जायचे: माते चहाची पत्ती, साबण, लोकरीचे मोजे. एकट्या बाईला पहारेकरी हाकलून द्यायचे. तिसऱ्या गुरुवारी पुडकं तसंच घेऊन परतणार, तर साबालेता रस्त्यापलीकडून येताना दिसले. त्यांच्यावरही राजकारणाची बंदी होती, त्यांच्याही दारापाशी दिवसभर पाळतीवरची एक गाडी उभी असायची. पहारेकऱ्याला म्हणाले, "मी वकील आहे. पुडकं घेत नसाल तर तसं लेखी द्या." लेखी कोण देतो? त्याने पुडकं घेतलं. चौदा महिने, दर गुरुवारी. एकदा त्यांनाच दोन दिवस आत बसवलं; पुढच्या गुरुवारी पाहते तर दाढी वाढलेली, ओठ फाटलेला, पण माझ्याआधी फाटकावर हजर. मी काही बोलायला गेले तर म्हणाले, "ओलेगारियोला यातलं काही सांगायचं नाही. कळलं तर तो सभागृहात माझ्याशी सांभाळून बोलेल. मला ते चालणार नाही."

मी शब्द पाळला. पण संसद पुन्हा सुरू झाल्यावर छावणीतला कुणी जुना पहारेकरी बाबांना भेटला आणि बोलून गेला. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सभागृहात गेले आणि साबालेतांच्या रेल्वेमार्ग बंद करण्याच्या विधेयकावर तीन तास तुटून पडले. एकतीस वर्षांत एवढे कधी पेटले नव्हते. संध्याकाळी साबालेतांचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. "आभारी आहे. तुला कळलंय असं ऐकलं होतं, त्यामुळे काल फार घाबरलो होतो." बाबांनी ती वाचली आणि आंघोळीच्या खोलीत जाऊन नळ सोडून बसले, बराच वेळ.

हे मी तुला उपकाराच्या ओझ्याखाली वाकवायला सांगत नाही. पुडकी नसती, फाटक नसतं, तरी तो माणूस त्या दिवशी रांगेत उभा राहिलाच असता. आणि तुझी चूक झाली असंही मी म्हणत नाही; तुझा बाप गेला होता. पण तू आता स्वतः खासदार आहेस. तुझ्या समोरच्या बाकावरही कुणीतरी बसतं. परवा भाषणात तू त्या बाकावरच्यांना देशाचे शत्रू म्हणालास. तो शब्द बाबांनी साबालेतांसाठी कधी वापरला नाही. शेळपट म्हणाले, आडमुठे म्हणाले, रेल्वेचा मारेकरी म्हणाले. शत्रू नाही.

साबालेता काल पहाटे गेले हे तुला रेडिओवर कळलंच असेल. रेडिओला ठाऊक नाही ते असं, की आज सकाळी त्यांची मुलगी आंपारो माझ्याकडे आली होती. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय, की त्यांच्या पेटीपाशी आपल्या पक्षाचा एकच माणूस बोलेल, आणि तो तू. खाली लिहिलंय, "माझी स्तुती करणारे माझ्या पक्षात ढीगभर आहेत. माझं कुठे चुकलं ते सांगणारा एक तरी पाहिजे, आणि ओलेगारियो आता मोकळा नाही." आंपारो विचारत होती, रामिरो येईल का. तुला न विचारताच मी हो म्हटलं. रेल्वेबद्दल बोलायचं असेल तर खुशाल बोल. त्यात त्यांचं चुकलंच होतं. तुझा काळा सूट इस्त्रीला टाकलाय. माझ्यावर रागव, येऊन हवं तेवढं भांड, पण शुक्रवारी सकाळी दहाला त्यांच्या पेटीपाशी ये.

वाट पाहणारी, तुझीच,
आई