टोरांटो पाच तासांवर

१२ ऑक्टोबर, रविवार
हिमांशु टोरांटोहून त्याच्या आईला, आमच्या सुमित्राबाईला, फोनवर सांगत होता: घरी यायला अठ्ठावीस तास लागतात, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला येणं जमत नाही. साफ खोटं! माझ्याशी तर पोरगा तीन वर्षं बोलतच नाही. मीही बोलत नाही.

१३ ऑक्टोबर
शाळेत जाऊन जगाच्या नकाशावर सुतळी धरली. दोन वीत. नकाशाखालचं प्रमाण उंदरानं खाल्लेलं, म्हणून अंदाजानं धरलं. आम्ही जातीनं कोहळी. पूर्वजांनी मशीन नसताना नजरेनं उतार काढून तलाव बांधले. मला एक विमान मोजता येत नाही?

१४ ऑक्टोबर, दुपारी २
कपाटात हिमांशुचं जुनं तिकीट सापडलं. दिल्लीहून निघणार ३:००, टोरांटोला पोचणार ८:००. तारीख तीच. म्हणजे पाच तास! चोर पकडला.
चंदाला गोंदियाला फोन केला. ती मास्तरीण, लगेच शिकवायला लागली. तिथलं घड्याळ साडेनऊ तास मागं असते म्हणे. घड्याळ मागं असलं म्हणून विमान मागं राहते का? पोरीला एवढं शिकवून फुकट गेलं.

१५ ऑक्टोबर
फायनल हिशोब. टोरांटो-दिल्ली पाच, दिल्ली-नागपूर दोन, नागपूर ते घर तीन. एकूण दहा. सकाळी निघाला तर रात्री घरी जेवायला. आता बहाणा चालणार नाही.

२० ऑक्टोबर
पानठेल्यावर सगळ्यांना सांगून टाकलं, हिमांशु मंडईला येतो. दंडारीच्या खेळाला पहिल्या रांगेत त्याची खुर्ची पक्की केली. गावभर झालं की त्याला यावंच लागेल. सुमित्राबाई कपाळाला हात लावून बसली. तिला प्लॅनिंग समजत नाही.

२६ ऑक्टोबर
सुमित्राबाई म्हणते, तुम्ही स्वतः एकदा बोलवा. कायले? तीन वर्षांपूर्वी हिमांशु धानाच्या रोवणीला आला नाही म्हणून मी रागात म्हणालो होतो, माझ्या उंबऱ्यात पाय ठेवू नको. रागात माणूस बोलतो. पोरानं लगेच मनावर घ्यायचं? बाप तो आहे की मी?

१ नोव्हेंबर, मंडई
आला नाही. दंडार सुरू झाली तरी खुर्ची रिकामी. जो तो विचारे, काऊन नाही आला? मी सांगितलं, विमान लेट. शेवटी खुर्चीवर मुन्ना पानठेलेवाला बसला.
घरी येऊन पोराला मनसोक्त शिव्या घातल्या. तेव्हा सुमित्राबाई बोलली. “हैदराबादले बसून राहिला तो, बुधवारपासून. ऑफिसचं काम आहे. तुमी ये म्हना, उद्या येते.”
हैदराबादहून गोंदियाजवळ बिरसीला विमान येते. दीड तास. बिरसीहून घर, मोटरसायकलनं एक तास. मला कोणी सांगितलं नाही याचा फार राग आला.

२ नोव्हेंबर
ठरवलं. आज फोन करणार. चहानंतर.
रविवार. त्याचा आराम कशाला मोडायचा?

३ नोव्हेंबर
रेंज नव्हती.
होती. पण धान कापणीची माणसं आली.

४ नोव्हेंबर
आज आवाज बसलेला. उद्या नक्की. मोठा मी आहे, मोठेपणा मीच दाखवीन.

६ नोव्हेंबर, सकाळी ९
फोन लावला. त्यानं लगेच उचलला. टोरांटोला पोचलो, म्हणाला. काही तरी बोलायचं म्हणून विचारलं, किती तास लागले.
“चोवीस, बाबा.”
मी म्हटलं, बरोबर आहे, तेवढे लागतातच. त्यानं थोडी वाट पाहिली, मग फोन ठेवला. ये म्हणायचं राहून गेलं.