ज्याच्या त्याच्या नावाची पिशवी

८ नोव्हेंबर, शुक्रवार. पांढरकवडा

आज जुम्म्याच्या नमाजानंतर अब्बांनी बाजारगल्लीतल्या दोन खोल्यांच्या मालकाला नाही म्हणून सांगितलं, त्याच घडीला माझं आयुष्य पलटलं. माझ्या एकट्याचं. बाकी सगळे खुश आहेत.

भाडं झेपेल अशी दोनच घरं होती. गल्लीतल्या दोन खोल्या, नाहीतर हायवेच्या पार, कपाशीच्या वावरात, वामनरावांचं हे भलंमोठं घर. आम्ही पाच माणसं. मुजफ्फरभाईचं लग्न करायचं आहे. नवरीला काय मोरीत निजवणार, असं अम्मीने विचारलं आणि वाद तिथंच संपला. मी म्हटलं, तिकडे आजूबाजूला कुत्रंही नाही. अब्बा म्हणाले, भुंकायला तू आहेस ना.

गल्लीतल्या खिडकीतून नुजहतची गच्ची दिसते, हे मी कोणाला सांगू? यवतमाळला आम्ही एकाच वर्गात होतो. तिच्या बापाने तिला इकडे घरी बोलावून घेतलं, मग मीही बी.एस्सी. अर्धी सोडली. वर्गात बसून कोणाची वेणी बघायची? अब्बांनी ट्रकच्या गॅरेजसाठी नेमकं पांढरकवडाच निवडलं तेव्हा वाटलं, अल्लाहने माझं ऐकलं. ऐकलं खरं, पण हायवेच्या चुकीच्या बाजूला आणून सोडलं.

घर मात्र झकास आहे, खोटं कायले बोलू. बहीण कशफ बारावीला आहे, पण आवाज घुमतो का हे पाहायला पोट्टी खोल्याखोल्यांतून कुकारे घालत फिरली. वामनराव चावी देताना म्हणाले, "कबड्डी खेळा लेकहो, जागाच जागा हाय." मागची खोली रिकामीच ठेवली. भरायला सामान कुठे आहे?

९ नोव्हेंबर, शनिवार

आज सदका झाला. नव्या घरात शिरलं की एक जनावर द्यायचं, म्हणजे माणसांवरची बला त्याच्या जिवावर जाते. अम्मीच्या माहेरची ही पक्की रीत.

बकरा काळा, एका कानाने फाटका, अंगात भलता जोर. भाईने पाय धरले, अब्बांनी सुरी फिरवली आणि तो सुटला. अर्धा गळा कापलेला असताना ओसरीभर धावला. भिंतीवर रक्त, कशफच्या ओढणीवर रक्त. भाईने त्याच्या मानेवर गुडघा रोवला तेव्हा कुठे काम उरकलं. शेवटपर्यंत तो माझ्याकडे पाहत होता. मी तर त्याला हातही लावला नव्हता.

मटणाच्या माणसागणिक पिशव्या केल्या. ज्याने त्याने आपल्या पिशवीला हात लावला, कशफने ज्याच्या त्याच्या जुन्या कपड्याची चिंधी तिच्या गाठीला बांधली, म्हणजे पिशवी त्याच्या नावाची झाली. भाईची लाल, अब्बांची खाकी, अम्मीची हिरवी, तिची पिवळी, माझी निळी. हे आपण खायचं नाही. सूर्य बुडायच्या आत गरिबाच्या हातात पडलं पाहिजे, आपल्या छताखाली राहता कामा नये. गल्लीत असतो तर उंबऱ्यात उभ्या उभ्या वाटून झालं असतं. इथे कोणाला देणार, बुजगावण्याला? मला मोटारसायकलवर गावात पिटाळलं.

मी सरळ नुजहतच्या गल्लीत. कोपऱ्यावर गंगी म्हातारी मागायला बसते. उभं राहायला निमित्त पाहिजे म्हणून तिला वरची पिशवी दिली. निळी निघाली. म्हटलं चला, आपली बला आधी टळली. म्हातारीने तोंडभरून दुआ दिली. मान वर केली तर नुजहतच्या दारात नव्या चपलांचा ढीग आणि बाहेर पांढरी कार.

तिला पाहायला आले होते.

कारचा आरसा लाथेने तोडला. काच पोटरीत घुसली. कोणी कॉलर धरायच्या आत निघालो. हायवे ओलांडल्यावर पिशव्यांची आठवण झाली, पण परत कोण जातो त्या गल्लीत? उरलेल्या सगळ्या मागच्या रिकाम्या खोलीत भिरकावल्या आणि भिंतीवर मुक्के मारत ओरडलो, एवढी माणसं नसती तर दोन खोल्यांत भागलं असतं!

अम्मीला सांगितलं, वाटून आलो.

१० नोव्हेंबर

आरशाची बातमी गॅरेजपर्यंत आली. भाई ड्रायव्हर लोकांसमोर म्हणाला, आमचा मजनू आता काचाच फोडत राह्यला, दगड खायची हिंमत नाही. सगळे हसले. मी चाक काढायची टामी उचलली. अब्बा मध्ये पडले नसते तर त्याचं डोकं फोडलं असतं.

दुपारी मागच्या खोलीत गेलो, पिशव्या कुठेतरी पुरून टाकाव्या म्हणून. लाल चिंधीची गाठ सुटलेली. पिशवी रिकामी, आतून चाटल्यासारखी स्वच्छ. बाकीच्या जशाच्या तशा. मांजर असेल.

मांजर गाठ सोडते का?

दार लावून वळलो तर आत फरशीवर टकटक. खुरांची. पुरायचं राहिलं ते राहिलंच.

११ नोव्हेंबर

भाई गेला.

सकाळी नळावर तोंड धूत होता. मी दहा पावलांवर होतो. आवाज आला तो धडकेचा. पाहिलं तर भाई ओसरीभर धावत होता, गळा अर्धा उघडा, दोन्ही हातांनी बंद करायला पाहत होता. भिंतीवर रक्त, जिथे परवाचं होतं त्याच्यावरच. मग पडला आणि त्याची मान दाबली गेली. दाबणारं कोणी दिसलं नाही. फक्त मानेवर खड्डा पडत गेला.

जंगलखात्याचे लोक म्हणाले वाघ. मग म्हणाले, वाघ असा सरळ कापत नाही. चिखलात फक्त बकरीचे खूर सापडले. टामीचं भांडण पोलिसांना आधीच कळलं होतं. ठाण्यात बसवून मारलं.

१३ नोव्हेंबर

काल सोडलं. भाईला माती देऊन झाली होती, मला खांदाही देता आला नाही.

आज मागचं दार उघडलं. खाकी चिंधी सुटलेली. अब्बांची.

मी अब्बांना सगळं सांगितलं. त्यांनी हाणलं, पट्ट्याने, तोंडावर, ओठ फाटेपर्यंत. मग पट्टा टाकला आणि रडले. म्हणाले, दोन उरल्या आहेत ना? मी आत जातो, बाहेर फेकतो, तू पळ. दार लागलं. आत टकटक, मग धडका. फटीतून एकच पिशवी बाहेर आली. हिरवी. अम्मीची. अब्बा ओरडले, भाग!

मी पळालो. बापाला आत ठेवून पळालो.

गंगीने पिशवी उघडली आणि नाक धरलं. "सडेल देतं का रे गरिबाले? तुया घरचे खातीन का हे?" तिने ती माझ्या तोंडावर फेकून मारली. सगळी गल्ली पाहत होती. नुजहतही, गच्चीवरून.

घेतली नाही. कोणीच घेत नाही. मंदिरापाशी नाही, स्टँडवर नाही. चार दिवसांचं मटण कोण घेईल?

परतलो तेव्हा दाराखालून रक्त ओसरीपर्यंत आलं होतं. अम्मी त्यात बसली होती. अब्बांचं तोंड मी पाहिलं नाही. पाहण्यासारखं ठेवलं नव्हतं.

मी त्या वेळी भरगल्लीत होतो म्हणून पोलिसांनी या वेळी नेलं नाही.

१४ नोव्हेंबर

घर सोडलं. वामनरावांनी ऑटो आणला. हायवेवर, भर उन्हात, अम्मी कशफच्या मांडीवर डोकं ठेवून होती. हिरवी पिशवी माझ्या हातात. मी गाठ मुठीत आवळून धरली होती. मुठीतल्या मुठीत सुटली —

ऑटोवाला उडी मारून पळाला. कशफ दोन्ही हातांनी अम्मीचा गळा धरून बसली. बोटांमधून येतच राहिलं.

मले तो दिसला. फाटक्या कानाचा. माझ्या गुडघ्याला घासून गेला, वळूनही पाहिलं नाही. माझं देऊन झालं आहे ना. मी त्याच्या हिशेबात नाही.

१५ नोव्हेंबर, जुम्मा

गल्लीतल्या दोन खोल्या रिकाम्याच होत्या. मालकाला दया आली.

खिडकीतून नुजहतची गच्ची दिसते. दोरीवर कपडे वाळतात. आम्ही दोघंच. पुरून उरतात खोल्या.

मीच मागितलं होतं हे.

कशफ बोलत नाही. तिची पिवळी पिशवी अजून त्या घरात — नाही. सकाळी उंबऱ्यावर होती. गाठ ढिली.

मी लाथाडली, जाळली. दुपारी परत तिथंच.

गल्लीच्या तोंडाशी टकटक. लोक फिरत आहेत, ऑटो, पोरं. कोणालेच ऐकू येत नाही —

तिला म्हटलं, तुया ओढणीची चिंधी फाड आन् माया गळ्यात बांध, तुया हाताने. काहून, म्हणाली. चार दिवसांत पहिला शब्द. मी म्हटलं, बांध पागल. बांधली. पक्की गाठ. हात लावला तिने, जसा पिशवीला लावला होता.

आता मी तिच्या नावाचा. माझ्याकडे पाहावंच लागेल त्याला.

टकटक उंबऱ्याशी —

वही तिच्याजवळ ठेवतो. कशफ, आतून कडी लाव. अब्बांच्या मित्राला फोन केला आहे, येतो तो. मी हाक मारली तरी उघडू नको. मी नसेन ते. बाहेर निघतो आहे, दार ओढून घे