लंगोटावरचा मार्क

सोमवार, १ डिसेंबर १९५८
यशोदाचे लंगोट मोजले. अकरा. बारशाला सासूबाईंनी जुन्या लुगड्याचे बारा शिवून दिले होते, कडेने लाल दोऱ्याची टीप घालून. बारावा कुठे गेला? लंगोट वाळतात गडग्यावर, दोन घरांमधल्या दगडी कुंपणावर. गडग्यापलीकडे शेजारीण सुगंधा. तिचा मुलगा आमच्या यशोदाएवढाच, तीन महिन्यांचा. आणखी काय पुरावा हवा?

विमला म्हणते, वाऱ्याने उडाला असेल. बायको भोळी आहे. मी विजयदुर्ग बंदरावर क्लार्क, नऊ वर्षे गोणी मोजतो. वाऱ्याने उडालेली गोण अजून पाहिलेली नाही.

संध्याकाळी सायकल पुसली. हे नवे फडके फार मऊ आहे.

मंगळवार, २ डिसेंबर
बंदराचा नियम : मार्क नसलेला माल कोणाचाही. शाई धुण्यात जाते, म्हणून परटाची युक्ती केली. विमलाच्या बाळंतपणातल्या औषधांच्या डब्यात दोन बिब्बे उरले होते. सुईने टोचून रस काढला, अकराही लंगोटांच्या टोकांवर ‘भि’ काढला, वर चुना दाबला. भि म्हणजे भिकाजी. काळाभोर, ठसठशीत. आता चोरून दाखवा.

विमला विहिरीवर होती. तिला सांगितले नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर
उजव्या हाताची दोन बोटे खाजतात. ऑफिसात नवी शाई आली आहे. साहेबांकडे लेखी तक्रार करणार.

शुक्रवार, ५ डिसेंबर
यशोदाच्या डाव्या कमरेवर लाल चट्टा. बरोबर लंगोटाचे टोक खोचतात तिथेच. विमलाला वाटते पोर ओल्यात राहिली. म्हणून आता दर तासाला कोरडा लंगोट बदलते. मला साबणाचा संशय. दुकानदार नजरेला नजर देत नाही, असे पूर्वीही लक्षात आले होते. साबण बदलला.

तक्रार लिहायची राहिली. बोटे सुजली आहेत.

रविवार, ७ डिसेंबर
चट्ट्यावर फोड. विमला खोबरेल लावत होती, ते बंद करायला लावले. तेल सुगंधाच्या माहेरच्या घाण्याचे. संशयिताकडचा माल घरात नको.

धुण्यात मार्क जरा फिके वाटले. अकराही लंगोटांवर पुन्हा एक हात मारला.

मंगळवार, ९ डिसेंबर
यशोदा दिवसभर रडते. मांडीवर घेतली तर जास्तच. माझ्याकडे बघून ओठ काढते. एवढ्याशा जिवाने कोणाचे काय वाकडे केले आहे? करणाऱ्याला मी सोडणार नाही.

संध्याकाळी सुगंधाला रंगेहाथ धरले. आमचा लंगोट तिच्या हातात. म्हणाली, “कावळो बसलेलो भावजीनू, घाण करीत म्हणान उचललंय.” मी म्हटले, कावळ्याला मार्क वाचता येत नाही, माणसाला येतो. ती लंगोट गडग्यावर ठेवून आत गेली.

बुधवार, १० डिसेंबर
सुगंधाने विमलाला सगळे सांगितले. विमला गाठोडे बांधते आहे. म्हणाली, “सकाळच्या लाँचीन मी चेडवाक घेवन खारेपाटणाक माहेराक जातंय. तुमी हंय कावळे मोजीत रवा.”

जा म्हणालो. मग पाळण्याकडे पाहिले. यशोदा गेली तर या घरात मी काय करू? चप्पल घालून आनंदीबाईंकडे गेलो. गावची सुईण. मलाही त्यांनीच जगात आणले. म्हटले, एकदा बघा, मग विमला कुठेही जाऊ दे.

गुरुवार, ११ डिसेंबर (डाव्या हाताने)
आनंदीबाई आल्या. यशोदाला उघडी करून पाहिली. लंगोट दाराच्या उजेडात धरला. विचारले, “ह्या अक्षर कोणाचा?”

माझे, असे मी अभिमानानेच सांगितले.

“कसल्या शायचा?”

बिब्ब्याची म्हटले. विमलाने तोंडाला पदर लावला. आनंदीबाईंनी माझा उजवा हात ओढून फोड पाहिले.

“मेल्या, बिबो म्हातारेच्या टाचेक लावलो तरी ती बोंब मारता. आणि तू चेडवाच्या ढुंगणार सही केलंस!”

पुढे हुकूम. अकराही लंगोट माडाखाली पुरायचे. चट्टा साध्या पाण्याने धुवायचा, चोळायचे नाही, टिपून कोरडे करायचे. दिवसातून जमेल तेवढा वेळ पोर सावलीत उघडी ठेवायची. वर खोबरेल, तेच, सुगंधाच्या माहेरचे. आणि माझी बोटे बरी होईपर्यंत, निदान आठ दिवस, मी यशोदाला हात लावायचा नाही.

लंगोट पुरून आलो तर सुगंधाने न मागता तिचे सहा लंगोट पाठवले होते. विमलाने गाठोडे सोडले.

तरीही बाराव्याची चोरी अजून उलगडलेली नाही, हे नोंदवून ठेवतो.

सोमवार, १५ डिसेंबर (डाव्या हाताने)
फोड सुकले. यशोदा सुगंधाच्या मुलाच्या लंगोटात पाय नाचवते. आज हसली. मी उंबऱ्यातून पाहिले.

दुपारी सायकल पुसायला घेतली. फडक्याच्या कडेला लाल दोऱ्याची टीप. बारावा.

मग फडके धुतले आणि कोणी नाही असे पाहून गडग्यावर टाकले, सुगंधाच्या बाजूला जरा सरकवून. वाऱ्याने काहीही होऊ शकते.

संध्याकाळी सुगंधा आली. हातात घडी केलेला लंगोट. विमलासमोर म्हणाली, “भावजीनू, हो तुमचो. मार्क नाय, पण सायकलीच्या तेलाचो वास येता.”

डाव्या हाताने घेतला. विमला यशोदाला माझ्यापासून जरा लांब घेऊन बसली.

तिला मांडीवर घ्यायला अजून चार दिवस आहेत.