उसनी जीभ

१४ सप्टेंबर

प्रिय ताई,

सलाम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते उघडावं की नाही याचा दोन दिवस तरी विचार केला असशील. उघडलंस, बरं वाटलं. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची बाग? भाच्यानं नोकरी बदलल्याचं मला तिऱ्हाइताकडून कळलं, आणि ते रास्तच आहे. जवळजवळ चार वर्षांत तुझ्या पाच पत्रांना मी एका ओळीचं उत्तर दिलं नाही, मग बातम्या माझ्या घरी कशा येतील?

माझं बरं चाललंय. रक्तदाब गोळीच्या धाकात आहे. लोक गोड खायचं सोडत नाहीत तोवर कवळ्या करणाऱ्याच्या पोटाला काळजी नाही. घर आवरलेलं असतं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, नसतं.

हे पत्र एका बाईबद्दल आहे. भुवया चढवू नकोस, ती एकाहत्तर वर्षांची आहे.

मार्च महिन्यात ती दुकानात आली. आयुष्यभर इस्पितळाच्या चादरी आणि डॉक्टरांचे कोट शिवलेली बाई. खुर्चीवर बसली, जुनी कवळी काढून माझ्या हातात दिली आणि बोळक्या तोंडानं म्हणाली, "अहो कवळीवाले, खायचं माझं मी बघीन. मला 'स्तुती' म्हणता आलं पाहिजे."

कवळी घालून तिनं म्हणून दाखवलं. शब्दाआधी अशी शिट्टी वाजली की समोरच्या दुकानदारानं मान वर केली. "चर्चमध्ये मी तोंड उघडलं की पुढच्या बाकावरचे गृहस्थ वळून बघतात," ती म्हणाली. "कुणी हाक मारली म्हणून."

मी मनातल्या मनात तिचं नाव शिट्टीबाई ठेवलं. तोंडावर मावशीच म्हणायचो.

'स' तपासायचा म्हणजे आम्ही माणसाला एकसष्ट ते एकोणसत्तर आकडे म्हणायला लावतो. तिनं ते नव्या कवळीत खडखडीत म्हटले. गायला लागली की मात्र शिट्टी हजर. गाताना जबडा जास्त उघडतो, जीभ वेगळ्या जागी टेकते. म्हणजे तिनं गायचं, मी पुढच्या दातांमागे मेण लावून बघायचं, तिनं पुन्हा गायचं, मी कानस मारायची. अशा सात खेपा झाल्या. ज्या माणसानं इतक्या वर्षांत चर्चची पायरी चढली नाही, त्याच्या दुकानात आठवड्यातून दोनदा देवाची स्तुती, आणि तीही त्यानंच "पुन्हा एकदा म्हणा" सांगितल्यावर. तू असतीस तर पदराआड हसली असतीस.

आधी मी फक्त दात ऐकायचो. मग शब्द कानात शिरायला लागले. मला कुतूहल वाटायला लागलं, की या बाईला एवढं मिळालं तरी काय आहे? नवरा जाऊन वीस वर्षं झाली. एका खोलीत राहते. बोटं शिवणकामानं वाकडी झालीत. एकदा, तिच्या तोंडात मापाचा साचा असताना, मी विचारलं, "मावशी, देवाचे एवढे आभार कशाबद्दल मानता?" तोंडात काहीतरी कोंबून मग प्रश्न विचारायची आमच्या धंद्याची जुनी खोड.

साचा निघाल्यावर ती म्हणाली, "आभार निराळे. कवळी चांगली बसली तर मी तुमचे आभार मानीन. नाही बसली तर मानणार नाही, उलट भांडेन. पण तुम्ही मन लावून काम करता हे मी तरीही चारचौघांत सांगीन, कारण ते खरं आहे. तो चांगला आहे, ते खरं आहे. मला काय मिळालं हा हिशेब त्यात नसतो."

"आणि तो चांगला नाही असं वाटलं तर?"

"वाटतं की. तेव्हा जास्त मोठ्यानं म्हणते."

मला हे उत्तर पटलं नाही. पण पुढच्या खेपेची मी वाट बघत होतो.

सातव्या खेपेला शिट्टी गेली. कवळी कुठे टोचते का म्हणून मी तिची जीभ बाजूला केली, तर कडेला, मागच्या बाजूला, एक पांढरट चट्टा दिसला. बोटाला कडक लागला. कवळीच्या जखमा मी तीस वर्षं बघतोय. हा तसला नव्हता.

मी सांगितलं. गोल गोल सांगायला मला जमत नाही, तुला माहीत आहे. तिच्या मांडीवरची पिशवी घसरून खाली पडली आणि तिनं ती उचलली नाही. मग म्हणाली, "मला जरा म्हणू द्या."

आवाज कापत होता. दोन ओळींनंतर थांबली. मी विचारलं, "भीती जाते का यानं?"

"नाही जात," ती म्हणाली. "पण ती एकटी राहत नाही. तिच्या शेजारी दुसरं कुणीतरी येऊन बसतं."

तिला इस्पितळात मीच नेलं. सोबतीला दुसरं कोणी नव्हतं. तपासण्या झाल्या, तारीख ठरली. मेच्या शेवटी डॉक्टरांनी जिभेचा तिसरा हिस्सा काढला. रोग पसरलेला नव्हता, जीव वाचला. बोलणं किती परत येईल ते सांगता येत नाही, म्हणाले.

मी मुद्दाम दोन आठवडे भेटायला गेलो नाही. मला वाटत होतं, आता ती गप्प झाली असेल, आणि ती गप्प झालेली मला बघायची नव्हती. ताई, हे लिहिताना कळतंय की माझा त्या बाईच्या गाण्यावर किती भार पडला होता.

जूनमध्ये एका सकाळी ती स्वतःच दुकानात आली. खुर्चीवर बसली, पिशवीतून गीतांचं छोटं पुस्तक काढलं, आणि एका कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवलं: 'सूर माझ्याकडे आहे. शब्द येत नाहीत. तुमची जीभ अर्धा तास उसनी द्या.'

मी म्हटलं, "मावशी, मी हे मानत नाही."

तिनं कागद ओढून घेऊन खाली लिहिलं: 'जीभ मागितली आहे.'

मी दुकानाचं दार लोटलं. तिनं तोंड मिटून सूर धरला आणि मी शब्द म्हणायला लागलो, आधी बिल वाचावं तसे. चौथ्या ओळीला माझा आवाज फुटला. त्या ओळीत विशेष काही नव्हतं, देव आहे, होता आणि राहील, एवढंच. मी थांबलो. ती थांबली नाही. तोच एक सूर धरून बसली, श्वास संपला की पुन्हा घ्यायची, पुन्हा धरायची, मी परत येईपर्यंत. मला यायला बराच वेळ लागला. मग आम्ही शेवटपर्यंत गेलो.

तेव्हापासून दर रविवारी चर्चमध्ये मी तिच्या शेजारी उभा राहून शब्द म्हणतो. चमत्कार काही झालेला नाही. तिची जीभ वाढली नाही. माझी बायको, आपली ही, परत आली नाही. मला सगळं पटलंय असंही नाही, मी अजून प्रश्न विचारतो आणि ती कागदावर उत्तरं लिहिते, त्यांची आता एक फाइल झालीय. पण गाताना मी माझ्या दुःखाकडे पाठ करून उभा असतो, आणि पाठ केली म्हणून ते रागावत नाही, एवढं मला आढळलं.

इथवर लिहून पत्र चार दिवस टेबलावर पडून होतं. जे लिहायला बसलो होतो ते राहिलंच.

ही जायच्या आठवडाभर आधी तू तिच्या उशाशी बसली होतीस. मी पाण्याचा तांब्या घेऊन दाराबाहेर उभा होतो. ती तुला म्हणाली, "मला पोचवताना रडगाणं नको. स्तुतीचं गीत म्हणा. यांना सांगू नका, यांना झेपायचं नाही." तू हो म्हणालीस. मी तांब्या घेऊन तसाच परत गेलो.

म्हणजे मला माहीत होतं. कबरीपाशी तू गायला लागलीस आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "माझं घर उजाड झालं आणि हिला गाणं सुचतंय," तेव्हाही मला माहीत होतं. राग तुझा नव्हता. तिनं शेवटची इच्छा मला न सांगता तुला सांगितली, याचा होता. लोकांनी तुला निर्दय म्हटलं. तू हिला दिलेला शब्द पाळलास, तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस, आणि मी तुझ्या त्या गप्प बसण्याआड चार वर्षं लपून राहिलो.

गेल्या आठवड्यात काकांना, काकूंना आणि दोन्ही चुलतभावांना मी फोन करून खरं काय ते सांगितलं. काकू रडल्या. काका म्हणाले, "हे तिला आधी सांगायचं होतंस." म्हणून हे पत्र.

दहा ऑक्टोबरला हिला जाऊन चार वर्षं होतील, मी कबरीवर जाणार आहे. दफनाच्या दिवशी मी पहिल्या कडव्यानंतर निघून गेलो होतो. हिनं आपल्यासाठी निवडलेल्या गीतात पुढे काय आहे, ते मला अजून ठाऊक नाही. पुस्तकात सापडलं असतं, मी शोधलं नाही. तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. येशील का? मी तिथून हलणार नाही.

ज्यानं तुला चार वर्षं निर्दय ठरू दिलं, तो तुझा भाऊ