अक्का, शीतलचा निळा दिवा टिकला

प्रिय अक्का,

मी पत्र लिहीत बसणारी बाई नाही, हे तुला माहीत आहे. नांदेडला कॉलेजात होते तेव्हाही माझं कार्ड दोन ओळींचं असायचं, आणि त्यातली एक ‘तूप पाठव’ अशी. पण काल शीतलचा बंगळूरहून फोन आला. तो ठेवल्यावर पहिल्यांदा मनात आलं, हे अक्काला सांगायला हवं. सांगायचं तर तुलाच, दुसरं कोण आहे?

तुझ्या लेकीचा निळा दिवा टिकला.

दिवा म्हणजे बल्ब नव्हे. नव्या मोबाइलचा पडदा उजळतो ना, त्यातला. कार्बनी पदार्थांचे अगदी पातळ थर, वीज मिळाली की आपणहून प्रकाश देणारे. लाल टिकतो, हिरवा टिकतो, निळा लवकर मरतो. उजळणारे रेणू त्यात थोडेच असतात. ते एकमेकांना चिकटले की विझतात, म्हणून त्यांना अंतरावर धरून ठेवणारा दुसरा पदार्थ लागतो. त्याला यजमान म्हणतात. विजेतून मिळालेली ऊर्जा त्याने पाहुण्याला, म्हणजे उजळणाऱ्या रेणूला द्यायची, परत घ्यायची नाही आणि स्वतः उजळायचं नाही. शीतल असे यजमान घडवते. मी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, तरी हे मला तिच्याकडून पुन्हा पुन्हा समजून घ्यावं लागलं.

तू मात्र डॉक्टर म्हणाली होतीस.

आठवतं का? शीतलला विसर्जनाची मिरवणूक दाखवायला लातूरला आली होतीस. पोर माझ्याकडे राहिली, तुलाही मी थांब म्हटलं. “न्हाई गं, म्हशीची धार कोण काढंल?” म्हणालीस. निघताना तिच्या डोक्यावरून हात फिरवलास. “हिला डाक्टर कर बाई तू. माझ्यानं व्हायचं न्हाई.” आणि संध्याकाळची एसटी गाठलीस. एका म्हशीसाठी, अक्का! दाजींना एक दिवस धार काढता आली नसती? पहाटे जमीन हलली. तू गेलीस, दाजीही गेले.

पुढे शीतल हट्टच धरून बसली, म्हणून तिला गावी नेलं. तुमच्या घराच्या जागी दगडांचा ढीग होता. ती उकिडवी बसून बघत राहिली. मग म्हणाली, “मावशी, दगड तर समदे साबूत हायत. मग घर कसं पडलं?”

मी म्हटलं, दगडांमधली माती सुटली. आणखी काय सांगणार होते? तिने पुढे विचारलं नाही. गावाकडे चल, असंही पुन्हा कधी म्हणाली नाही.

ती बारावीला आली तोवर लातूरचं रूप पालटलं होतं. गल्लीत घरोघरी क्लासची पोरं, कुणी किनवटची, कुणी धर्माबादची. आमच्या माडीवरही मुली ठेवल्या होत्या. सगळ्यांना मेडिकल. शीतलचा नंबर थोडक्यात हुकला, म्हणून पुन्हा वर्षभर क्लासला बसवली. एक दिवस भर दुपारी दप्तर खाली ठेवून समोर उभी राहिली. बीएस्सी करते म्हणाली, केमिस्ट्री घेऊन. मी तुझी इच्छा सांगितली.

“आईनं डाक्टर पाहिला होता, मावशी. केमिस्ट कुठं पाहिला होता?”

त्याच आठवड्यात नांदेडला जाऊन तिचा प्रवेश घेतला.

तुझ्या नणंदबाई मुद्दाम घरी आल्या. चहा पिऊन झाल्यावर उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, “पोटची असती तर सोडू दिला असता का क्लास?” मी दार लावून घेतलं. वाक्य मात्र आतच राहिलं. पुढे शीतल शिकून बंगळूरच्या संशोधन संस्थेत लागली. तिकडे तिचा प्रयोग फसला की इकडे मला ते ऐकू यायचं.

आणि प्रयोग फसायचेच. आधी तिचे रेणू सपाट, नीटनेटके होते. ते रांगेत बसायचे, थर साजूक तुपासारखा रवाळ व्हायचा आणि दिवा जायचा. मग तिने रेणूंना आडवेतिडवे फाटे जोडले, म्हणजे रांग लागूच नये. मला हसायची, “तुझ्या वर्गासारखी शिस्त इथं चालत नाही, मावशी.” थर गुळगुळीत राहिला, उजेडही भरपूर पडला. तरी निळा मावळायचाच. तिची नोकरी तात्पुरती. दिवा टिकला नाही तर काम बंद, असं तिच्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

प्रयोगशाळेत सगळे उजळणाऱ्या रेणूतच दोष शोधत होते. शीतलने यजमान तपासला. मोठमोठे भाग जसेच्या तसे होते. त्यांना जोडणारा एक बंध निळ्याची ऊर्जा न सोसून तुटत होता.

“मावशी, माझ्या दगडांमधली माती सुटत होती,” ती काल फोनवर म्हणाली.

तिला आठवत होतं, अक्का! इतकी वर्षं त्यावर एक शब्द बोलली नव्हती.

तो जोड बदलून तिने नवा यजमान घडवला. जुना दिवा जिथे मावळायचा, ती वेळ केव्हाच मागे पडली. नवा अजून तेजात आहे. संस्थेने तिला कायम केलं. मी आज दुपारी गाढ झोपले. कुठलंच वाक्य ऐकू आलं नाही.

फोन ठेवताना तिने विचारलं, “दिवाळीत गावाकडं जाऊ या का? आईला सांगायचंय.”

तर अक्का, मी तिला घेऊन येते. तुझं घर होतं तिथे उभी करते. निळ्या दिव्याचं, डॉक्टर न होण्याचं, जे सांगायचं ते ती सांगेल. मी बाजूला उभी राहीन आणि मध्ये एक शब्द बोलणार नाही. मला हे किती जड जाईल, तुला ठाऊक आहे. तरी वचन.

तुझी धाकटी,
कुसुम