इंजिनाकडून दुसरा डबा

४ जुलै २०२५

सकाळची पॅसेंजर बंद — “पुढील सूचनेपर्यंत”! म्हणजे माझ्या हयातीत नाही.

चंद्रव्वा कुडलगीहून त्याच गाडीने येते, माझ्या आणि आणखी तीन घरच्या भाकऱ्या करते. मुलगी दानेश्वरी सोबत असते — नर्सिंगचं दुसरं वर्ष. आता त्या वेळेला फक्त एक्सप्रेस. एक्सप्रेसला या बायकांचा पॅसेंजरचा महिन्याचा पास चालत नाही. रोज तिकीट काढा, तेही तिप्पट! मग बायका पास घेऊन एक्सप्रेसमध्येच चढतात.

“टीसी वळखीचा हाय, मिस. बगून न बगितल्यावानी करतो.” भाकरी थापता थापता चंद्रव्वाने सांगितलं. मला मात्र ते पटेना. कष्टाला निघालेल्या बाईने चोरासारखं का बसायचं?

छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. एक अर्ज तर लिहिता येईल!

७ जुलै

अर्ज तयार. मागणी एकच — पॅसेंजर सुरू होईपर्यंत तोच पास एक्सप्रेसला चालवा.

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर बिअट्रिस टेबलावर डस्टर आपटून विचारायच्या, पुरावा कुठे आहे? म्हणून सोबत यादी जोडली. एकवीस बायका. नाव, पास नंबर, कामाचं ठिकाण, रोज कुठे बसतात — इंजिनाकडून दुसरा डबा. लाल शाईने रेघा आखल्या.

दानेश्वरी वाकून बघत होती. “मिस, डबा कशाला लिहिता?”

“खरं आहे म्हणून.”

आजकालच्या मुलींना नेमकेपणाचं इतकं वावडं का?

शेजारचे मानसिंगराव कुंपणावरून, “इंग्रजीतच झाडा, मिस! मराठी ऐकून ऐकून त्यांचे कान निबर झालेत.”

८ जुलै

रेल्वेच्या ऑफिसात स्वतः नेऊन दिला. पोच घेतली. शिक्का ठळक.

१५ जुलै

उत्तर नाही.

१९ जुलै

घात झाला.

आज सकाळी एक्सप्रेसमध्ये तपासनीसांचं पथक चढलं. थेट दुसऱ्या डब्यात! बाकीच्या गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एकवीसच्या एकवीस जणींना दंड.

चंद्रव्वा दुपारी आली. कान मोकळे. “फुलं सराफाकडं गेली.”

दानेश्वरी?

“घरी बसवली. रोजचं तिकीट आता एकीचंच निघतंय. मी कमावती, म्हणून मी येते.”

तिचं तिकीट मी काढते म्हटलं.

“किती दिस काढाल, मिस? आन् बाकीच्यांचं?”

पुढचं पीठ मळायला घेतलं तिने. मी स्वयंपाकघराच्या दारात नुसती उभी.

२० जुलै

कोणीतरी चुगली केली आहे. डबासुद्धा ठाऊक! असा हलकट माणूस कुडलगीचाच असणार. सापडला तर सोडणार नाही. एका मुलीचं शिक्षण बुडवून याला काय मिळालं? बक्षीस?

२३ जुलै

ऑफिसात गेले. अर्जाचं काय झालं ते विचारायला, आणि चुगलखोराचं नाव मागायला.

तरुण साहेब उठून उभा राहिला. खुर्ची दिली, पाणी दिलं. “मॅडम, अर्ज विचाराधीन आहे. यादी मात्र लगेच तपासणीवाल्यांकडे पाठवली. इतकी व्यवस्थित माहिती कोणी देत नाही हो!”

रिक्षात बसले. घराचा पत्ता आठवेना.

२४ जुलै

सरळ रेघा. सुंदर अक्षर. एक स्वल्पविराम चुकलेला नाही. एकवीस जणींना मी नाव-नंबरासकट धरून दिलं.

पोरगी विचारत होती — डबा कशाला लिहिता? आणि मी तिला नेमकेपणा शिकवत होते.

२५ जुलै

चंद्रव्वा आली, गेली. सांगायचं धाडस झालं नाही. भाकरी तशीच झाकून ठेवली.

२६ जुलै

आज सांगून टाकलं. चंद्रव्वाने तवा उतरवला, पदराला हात पुसले.

“पोरीनं तवाच वळखलं, मिस. गाडीत दंड करनाऱ्या सायबाच्या हातात तुमचं अक्षर, लाल रेघा. मला म्हणाली, अव्वा, कुणाला बोलू नको. मिसला कळलं तर त्या दुसरा अर्ज लिवायच्या न्हाईत.”